लाकडानं ओढलं

मशीन टेंपोतून उतरायच्या आधीच अक्षतानं अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं, "आमच्याकडं जे येतंय ना, ते पलूसमधी कुणाकडंच न्हाई!" नववीत गेल्यापासून तिचा आवाज असाही दोन घरं ओलांडून जायचा आणि तासगावच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून तर चार.

सहा माणसं, दोन पहारी आणि एक जाड फळी लावून ते धूड एकदाचं खाली आलं. दिसायला अगदीच साधं. बिडाचं जड सपाट टेबल, मधोमध भोक आणि भोकातून वर आलेला उभा दांडा. त्या दांड्यावर धारेचा कटर चढवायचा, वरून नट आवळायचा आणि खालची मोटर चालू केली की दांडा असा गरगरतो की फिरतोय की उभाच आहे ते कळू नये. मग लाकडाची पट्टी त्याला घासून सरकवायची. एका बाजूनं कोरी पट्टी आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं गोल कडेची, कंगोऱ्याची, नक्षीची होऊन बाहेर येते. वखारीत त्याला मोल्डिंगचं मशीन म्हणायचे.

अक्षताचे अण्णा, म्हणजे मिलिंद मिस्त्री, सांगलीला लालासाहेबांच्या लाकडाच्या वखारीत सतरा वर्षं मशीनं जोडायचं आणि लावायचं काम करत होते. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडात स्वतःचं काम. स्वतःची दारं, स्वतःच्या खिडक्या! अक्षता तर पाटी कुठल्या रंगात रंगवायची इथवर पोचली होती.

तिची आई अंजना हमालांना पाणी द्यायला कळशी घेऊन बाहेर आली. वाकता वाकता तिची नजर टेबलाच्या टवका उडालेल्या कोपऱ्यावर गेली.

"आवं, हे वखारीतलं न्हवं?"

"व्हय. लालासाहेब विकाय बसले व्हते. घेतलं."

"त्येच?"

अण्णांनी गळ्यातल्या टॉवेलनं मान पुसली. "त्येच."

आईनं कळशी तिथंच ठेवली आणि आत निघून गेली. हमालांनी आपापल्या हातानं पाणी ओतून घेतलं.

'त्येच' म्हणजे काय, हे घरात कुणाला सांगायला नको होतं. पाच वर्षांमागं ह्याच मशीनवर सयाजीमामाची डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. सयाजी हा आईच्या पाठचा भाऊ. अण्णांनीच त्याला वखारीत चिकटवला होता. आदल्या रात्री तो कुंडलला कुस्त्या बघायला गेला होता, पहाटे परतला आणि सकाळी कामावर उभा राहिला. बस्स! 'मशीनवर झोपला' असा निकाल लालासाहेबांनी जागेवरच देऊन टाकला आणि तो सगळ्या वखारीला पटला. दवाखान्यात खाटेशी उभी राहून सख्खी बहीणसुद्धा रडत रडत हेच म्हणाली, "आनि जा कुस्त्या बघाय!" वखारीत त्याचं नाव पडलं झोप्या. पुढं मामा मिरजेला एका दवाखान्याच्या सायकल स्टँडवर बिल्ले वाटायला लागला. वर्षातनं दोनदा पलूसला यायचा, डावा हात खिशात घालून जेवायचा आणि शेवटची गाडी असल्यासारखा दुपारीच निघून जायचा.

त्याचं म्हणणं मात्र पहिल्या दिवसापासून एकच. "मी जागा व्हतो. लाकडानं मला ओढलं."

ह्यावर लोक पोट धरून हसायचे. कारण मशीनची खोड सगळ्यांना ठाऊक. कटर फिरतो तो समोरून येणाऱ्या लाकडाच्या विरुद्ध. त्यामुळं लाकूड माणसाला मागं ढकलतं, जोर लावून पुढं सारावं लागतं. "झोप्या, लाकूड ढकलतंय रं! वढतीय ती झोप!"

अक्षताचं मामावर लहानपणापासून भारी प्रेम. त्यामुळं मशीन आलं त्याच संध्याकाळी तिनं ठराव मांडला, "अण्णा, लांब पट्टी सरकवायला पलीकडून धरणारं माणूस लागणारच की न्हाई? मामालाच बोलवूया! बिल्ले वाटत बसण्यापरीस बरं. पुन्हा त्याच मशीनवर उभा ऱ्हायला की कोण झोप्या म्हणंल?"

"बघू," अण्णा म्हणाले.

मामानं परत यावं आणि खिशातनं हात काढून यावं, एवढंच तिच्या मनानं घेतलं होतं. आणि एखादी गोष्ट अक्षताच्या मनानं घेतली की ती गोष्ट सुटत नसे. घरचे तिच्या ह्या सवयीला वैतागलेलेच होते.

शेजारच्या हरणाबाई मशीन बघायला आल्या त्या दाराबाहेरच थांबल्या. "अंजने, बोटं खाल्ल्यालं हाय हे. कोंबडं दे, न्हाईतर पुन्ना मागंल बघ."

"मावशी, लोखंडाला भूक लागत न्हाई," अण्णा आतून म्हणाले. "ह्या घरात कोंबडं न्हाई आन् लिंबूबी न्हाई. चूक मशीनची नसतीय. माणसाची असतीय."

अंधश्रद्धेवर नुकतंच पाच मिनिटांचं भाषण ठोकून आलेल्या अक्षतानं टाळीच वाजवली. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे मामाचीच चूक म्हणायची?"

अण्णा टेबलाखाली वाकून काहीतरी चाचपायला लागले. आत आईनं पातेलं जरा जोरातच ठेवलं.

पुढचे दहा दिवस शेडात नुसती धांदल. खड्डा काढून काँक्रीट भरलं, त्यात बोल्ट उभे केले. मशीन वर चढवलं. अण्णांनी टेबलावर लेव्हलची बाटली ठेवली की तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ते खाली पत्र्याचे तुकडे सारत बसायचे. इकडं एक सारला की बुडबुडा तिकडं, तिकडं सारला की इकडं. अक्षतानं रॉकेल आणि पॉलिश पेपरनं टेबल घासून घासून असं चकचकीत केलं की त्यात स्वतःचे दात दिसावेत. शाळेत कुणी विचारलं तर ती बोटांचा वास हुंगायला द्यायची. "रॉकेल. आमच्या मशीनचं."

एक गोष्ट मात्र तिला चमत्कारिक वाटली. अण्णांनी टेबलावर दांड्याभोवती खडूनं बाण काढला होता, कटर कुठल्या दिशेनं फिरायला पाहिजे त्याचा. तो पुसला गेला की ते पुन्हा काढायचे. शेवटी खडू टाकून लाल रंगानं काढला. तरी जेवता जेवता उठून बघून यायचे.

"आवं, बाण काय पळून जातुय का?" आई म्हणाली. मशीन आल्यापासून ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलंच हसरं वाक्य. अण्णांना मात्र हसू आलं नाही.

थ्री फेजची जोडणी करायला बिराप्पा आला. आसपासच्या विहिरींवरच्या निम्म्या मोटरी त्याच्या हातच्या. त्यानं तारा जोडल्या, स्विच बसवला. तेवढ्यात एक बोल्ट कमी पडला म्हणून अण्णा सायकल काढून पेठेत निघाले. जाताना दोनदा बजावून गेले, "मी आल्याबिगर चालू करायचं न्हाई. दिशा बघायची हाय."

अण्णा वळणावर दिसेनासे झाले आणि बिराप्पा हसला. "तुझा बा लय भितूय गं. तीन वायरी हायत. मोटर सुलटी फिरंल न्हाईतर उलटी फिरंल. उलटी फिरली तर पाणी कमी येतंय. मग दोन वायरी बदलायच्या. हाय काय आन् न्हाई काय!"

आणि इथं अक्षताच्या अंगात आलं. दुसरं काय म्हणणार? पलूसमधलं पहिलं मोल्डिंग मशीन पहिल्यांदा चालू करणारी मुलगी! "मग करू या की चालू, काका! अण्णा येईस्तवर एक पट्टी काढून ठिऊ!"

तिनं कोपऱ्यातली हातभर लांबीची पट्टी त्याच्या हातात दिली आणि स्वतः स्विच दाबला.

मशीन घूं करून उठलं. दांडा फिरत होता, पण कुठल्या दिशेनं ते कुणाच्या बापाला दिसलं असतं? पंख्याची पाती जोरात फिरताना दिसतात का? बिराप्पानं विहिरीवर उभं राहावं तसं निवांत उभं राहून पट्टी कटरला लावली.

पट्टी गेली. सरकली नाही, गेलीच! कुणीतरी पलीकडून हिसका मारून खेचावी तशी बिराप्पाच्या हातातून निसटली आणि समोरचा पत्रा फोडून अर्धी बाहेर जाऊन अडकली. तिच्यामागोमाग बिराप्पाचा हात वीतभर पुढं गेला आणि कटरपासून चार बोटं अलीकडं थांबला. त्यानं पट्टी सैल धरली होती म्हणून. तळहाताची साल तेवढी निघाली.

अक्षतानं स्विच बंद केला. दांडा सावकाश होत होत थांबायला आला तेव्हा तो दिसला. लाल बाणाच्या उलट.

पत्र्याच्या आवाजानं आई धावत आली. पाठोपाठ सायकल फेकून अण्णा. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बिराप्पा तळहात तोंडाशी धरून फुंकत म्हणाला, "आयला मिस्त्री, हिनं तर मला वढलंच की!"

अक्षताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भीती कुठल्या कुठं पळाली.

"ओढलं! आई, ऐकलंस का? ओढलं! मामा हेच म्हणायचा! त्या दिवशी मशीन उलटं फिरत असणार! मामा झोपला नव्हता, आई! आपण सगळ्यांनी उगाच... अण्णा, सांगा की, असं झालं असंल न्हवं?"

आई दाराला धरून उभी होती. तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी बिराप्पाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हळद लाव गं ह्याला."

एवढंच. ना मारलं, ना ओरडले. अक्षतानं वर्षभराचा मार खायची तयारी केली होती. तो न मिळाल्यावर तिला उगाचच भीती वाटायला लागली.

बिराप्पानं दोन तारा बदलून दिल्या, अण्णांनी नुसतं चालू-बंद करून पाचदा दिशा बघितली. दिवेलागणीला नव्या कामाची वंदना घ्यायची असं आधीच ठरलं होतं. भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींपुढं आईनं मेणबत्ती लावली, फुलं ठेवली. त्रिसरण, पंचशील घरात अक्षताच सांगायची. ती एकेक ओळ म्हणणार आणि मागून आई-अण्णा म्हणणार. आज तर तिचा आवाज आणखीच खणखणीत लागला होता. मामा निर्दोष सुटला होता ना!

पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. अक्षतानं म्हटलं. मागून एकच आवाज आला, आईचा.

अक्षतानं वळून बघितलं. अण्णा हात जोडून बसले होते, ओठ मिटलेले.

"अण्णा, चौथं राहिलं," ती वर्गातल्या मॉनिटरसारखी म्हणाली. "म्हणा की."

तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा आईचाच आवाज. मग तोही मध्येच थांबला.

"आवं," आई हळू म्हणाली, "त्या दिवशी मशीन कुणी जोडलं व्हतं?"

मेणबत्तीचं मेण फुलावर ओघळलं. अण्णांचे जोडलेले हात सुटले.

"मी."

मग त्यांनी सांगितलं. मोटर जळून दुरुस्तीला गेली होती. ती त्या सकाळी परत आली. तारा त्यांनीच जोडल्या. दिशा बघायची राहिली. लालासाहेबांची घाई होती, दुसरं मशीन अडलं होतं, ते तिकडं पळाले. सयाजीला म्हणाले, घे चालू करून. दवाखान्यातनं दुपारी वखारीत परत आले तेव्हा कुणी नव्हतं. त्यांनी मशीन क्षणभर चालू करून बंद केलं. दांडा उलटा फिरत होता. त्यांनी दोन तारा बदलल्या आणि घरी आले.

"सांजच्याला सांगणारच व्हतो, अंजना. दवाखान्यात गेलो. तर लालासाहेब सगळ्यांम्होरं बोलून बसले व्हते, झोपला म्हणून. सयाजी गुंगीत व्हता. माझा हात धरून मला म्हणाला..." अण्णांनी ओघळलेलं मेण नखानं खरवडलं. "म्हणाला, दाजी, मी झोपलो व्हतो का वो?"

"मग?"

"मी म्हणालो, असंल."

अक्षताला वाटलं, आई आता ओरडेल, काहीतरी फेकेल. आई उठली, मेणबत्ती वाऱ्यानं विझू नये म्हणून आडोशाला सरकवली.

"आन् मी त्याला खाटंवर शिव्या दिल्या." मग म्हणाली, "उद्या मिरजंला जायचं. हिला संगं न्यायची."

"हिची चाचणी हाय."

"असू दे. तुमी सांगितलं का न्हाई, ते मला कुणीतरी येऊन सांगाय पायजे."

बापाबरोबर साक्षीदार म्हणून पोरीला धाडायची! एरवी चाचणी बुडली म्हणून अक्षतानं शेडात उड्या मारल्या असत्या. त्या रात्री ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

मिरजेच्या त्या दवाखान्यासमोर सकाळी ही गर्दी. मामा खुर्चीवर बसून उजव्या हातानं बिल्ले देत होता, डावा खिशात. ह्यांना बघून उठला. "दाजी? आन् अक्षे, तू? आक्का बरी हाय न्हवं?"

"बरी हाय," अण्णा म्हणाले आणि तिथंच, सायकलींच्या रांगेत उभ्या उभ्या बोलायला लागले. मध्ये एक बाई बिल्ला मागायला आली, अण्णा थांबले. मामानं बिल्ला दिला. अण्णा पुढं बोलले. एक म्हातारा सायकल न्यायला आला, पुन्हा थांबले. असं तुकड्या-तुकड्यांनी सगळं सांगून झालं.

मामा खाली बघत होता. मग त्यानं खिशातला हात बाहेर काढला. उरलेली तीन बोटं उलटसुलट करून बघितली, जणू आजच बघत होता.

"पाच वर्सं मी मलाच इचारतोय," तो म्हणाला. "झोपलो व्हतो का. जागा व्हतो का. बायकूबी म्हणती, झोपला असचाल. मलाबी पटत आलं व्हतं, दाजी."

"सयाजी, चुकलं माझं. वाट्टंल ती शिक्षा..."

"मला सांगून काय उपेग? मला म्हाईत व्हतं की." त्यानं बिल्ल्यांची पेटी शेजारच्या पानवाल्याकडं दिली. "वखारीत चला."

सांगलीपर्यंत सिटी बसमध्ये तिघं तीन बाकांवर बसले. अक्षता मधल्या.

वखारीत करवतीचा असा आवाज चालला होता की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. अण्णा दोनदा काहीतरी म्हणाले, कुणाला कळलं नाही. सगळे 'मिस्त्री आले, मिस्त्री आले' म्हणून हात हलवत होते. मग अण्णा भिंतीजवळ गेले आणि त्यांनी मेनस्विच खाली ओढला. सगळी मशीनं एकेक करत उसासे टाकत थांबली. गादीवर बसलेले लालासाहेब चष्मा वर करून बाहेर आले.

"मशीन मी जोडलं व्हतं," अण्णा म्हणाले. आवाज शेवटच्या ओंडक्यापर्यंत गेला. "उलटं फिरत व्हतं. सयाजी झोपला नव्हता. मी मागनं तारा बदलल्या आन् गप बसलो."

एक जण पायानं भुसा उकरत राहिला. दुसरा खोटं खोटं खोकला.

"पाच वर्सांनी आठवलं व्हय, मिस्त्री?" लालासाहेब म्हणाले. "मशीन फुकापासरी घिऊन गेला आन् आता सांगायला आला?"

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "म्हणजी आता झोप्या कुणाला म्हणायचं रं?" आणि दोघं-तिघं फिसकन हसले. अक्षताला वाटलं होतं, लोक मामाच्या पाया पडतील, हार घालतील. निदान कुणीतरी म्हणेल, सयाजी, चुकलं गड्या. एक म्हातारा करवतवाला तेवढा पुढं आला, त्यानं मामाच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि जाऊन मेनस्विच वर केला.

सांगलीच्या स्टँडवर पलूसची गाडी लागली होती. अण्णा जागा धरायला आत चढले. मामा खालीच थांबला. डावा हात बाहेरच होता. त्याचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं, कधी पाठीमागं धरायचा, कधी शर्टाची कड ओढायचा.

"मामा, येशील न्हवं शेडात?" अक्षतानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज शेजारच्या माणसापर्यंतसुद्धा गेला नसेल. "मीच चालू केलं व्हतं काल. मीबी चुकले."

"तू सांगितलंस की लगीच," मामा म्हणाला. मग गाडीच्या खिडकीकडं बघितलं. अण्णा रुमाल टाकून दोन जागा राखत होते. "मशीनचं काय मला आता इचारू नगं, पोरी. आक्काला म्हणावं, रविवारी मिरजंला ये. तिला एकटीला."

"एकटीला?"

"व्हय. एकटीला." तो मिरजेच्या गाडीकडं चालायला लागला.

गाडी सुटली. स्टँडच्या बाहेर आल्यावर अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काय म्हणाला सयाजी?"

"आईला बोलावलंय. रविवारी."

"आन् मला?"

तिच्या जिभेवर अगदी तयार होतं. 'तुमालाबी या म्हणाला' एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? अण्णा दोन दिवसांत वाळून गेल्यासारखे दिसत होते. कंडक्टर पुढच्या बाकापर्यंत आला होता.

"तुमाला न्हाई बोलावलं, अण्णा," ती म्हणाली. "एकटीला ये म्हणालाय."

अण्णांनी मान हलवली. कंडक्टर आला तेव्हा त्यांना पलूस दोनदा म्हणावं लागलं.